कार्टूनवाल्यांनी सिनेमा नीट पाहिलाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टीव्हीवरच्या विनोदी कार्टून मालिकांवर आलेला लेख वाचला. लेखकाचा एकूण सूर असा, की ‘द सिम्पसन्स’सारख्या अमेरिकन मालिका जुन्या अभिजात चित्रपटांच्या उष्ट्यावर जगतात. स्वतःचं काही सुचेनासं झालं की जुन्या दिग्दर्शकांतला हिचकॉक काढायचा, कुब्रिक काढायचा, ऑर्सन वेल्स काढायचा, पात्रांना पिवळा रंग फासायचा आणि हशा वसूल करायचा. शिवाय या थट्टेमुळे नव्या प्रेक्षकाच्या मनातून मूळ चित्रपटांचा दरारा गेला, अशीही तक्रार आहे. दुसऱ्या तक्रारीत थोडं तथ्य आहे, त्याकडे नंतर येते. पहिली मला अजिबात पटलेली नाही.

मी चित्रपट संकलक होते. उभी हयात कापाकापीत गेली, आधी टेबलावर फिल्मच्या पट्ट्या आणि पुढे संगणकावर. त्यामुळे कुठलाही सिनेमा लागला की गोष्ट कळायच्या आधी कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याची जागा, कुठे पडलाय ते दिसतं. धंद्याची खोड म्हणा. पण त्या नजरेने पाहिलं तर या कार्टूनवाल्यांइतक्या बारकाईने जुना सिनेमा पाहणारे लोक मला समीक्षकांतसुद्धा फारसे भेटलेले नाहीत.

खऱ्या कॅमेऱ्यापुढे पुष्कळ गोष्टी फुकटात पदरात पडतात. वाऱ्याने पडदा हलतो, नटाची भुवई नको तिथे वर जाते, मागच्या भिंतीवर कसली तरी सावली पडते आणि नंतर समीक्षक त्या सावलीवर दोन परिच्छेद लिहितात. चित्रांच्या दुनियेत फुकट काही मिळत नाही. त्या मालिकेतल्या बापाची, होमर सिम्पसनची, सावली भिंतीवर हवी असेल तर ती कुणीतरी काढावी लागते. ‘सिम्पसन्स’चा एक भाग जेमतेम २२-२३ मिनिटांचा, पण त्याची पटकथा, आवाजाचं ध्वनिमुद्रण, स्टोरीबोर्ड (प्रत्येक शॉटची कच्ची चित्रं) हे सगळं लॉस एंजेलिसमध्ये ठरतं, मग हजारो चित्रं दक्षिण कोरियातल्या स्टुडिओत काढली जातात. इतक्या हातांतून जाणारं काम अंदाजपंचे होत नाही. एखाद्या गाजलेल्या शॉटची नक्कल करायची तर कॅमेरा किती उंचीवर होता, पात्र चौकटीत कुठे उभं होतं, शॉट किती वेळ टिकला, कुठल्या हालचालीवर कापला, हे आधी नेमकं कळावं लागतं. म्हणजे आधी घड्याळ उघडून सगळे स्क्रू टेबलावर मांडायचे आणि मगच तसं खेळण्यातलं बनवायचं. हे आळशी माणसाचं काम नाही.

उदाहरण घ्या. स्पीलबर्गच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ची (१९८१) सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे: देवळातली सोन्याची मूर्ती, गडगडत येणारा प्रचंड दगड, हॅट, विमानातून पळ. १९९२ साली ‘सिम्पसन्स’च्या एका भागाची सुरुवात थेट यावर बेतलेली आहे. होमरच्या मुलाला, बार्टला, बापाच्या खोलीतली चिल्लरची बरणी पळवायची आहे. सोन्याच्या मूर्तीच्या जागी एक-एक सेंटची नाणी. बाप जागा होतो आणि अंतर्वस्त्रांतच पोराच्या मागे लागतो. जिन्यावरून पाय घसरून होमर जो गडगडत खाली येतो, तो दगड! बार्ट खाली येणाऱ्या गॅरेजच्या दारातून सरपटत बाहेर पडतो, हात मागे घालून टोपी ओढून घेतो, आणि विमानाऐवजी शाळेची बस उभी असते. मूळ चित्रपट न पाहिलेलं पोरगंही हे बघून हसेल, कारण चोरी, पाठलाग, सुटका एवढं कळलं की पुरे. पाहिलेल्याला मात्र आणखी एक गोष्ट दिसते: स्पीलबर्गच्या त्या प्रसंगातली भव्यता दगडात किंवा मूर्तीत नाहीच, ती शॉटच्या क्रमात आहे. तोच क्रम एका मध्यमवर्गीय घराच्या जिन्यावर लावला तरी छातीत धडधडतं. मायकेल कान यांना त्या चित्रपटाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं होतं. ते का मिळालं, हे त्या होमरच्या लोळण्यावरून जितकं पटकन समजावून सांगता येतं तितकं दुसऱ्या कशावरून नाही.

जाता जाता, तो गडगडणारा दगडही आकाशातून पडलेला नाही. १९५४ सालच्या, कार्ल बार्क्स यांच्या अंकल स्क्रूज बदकाच्या चित्रकथेत तसाच एक दगड होता. बदकाकडून ‘रेडर्स’च्या नायकाकडे, हॅरिसन फोर्डकडे, आणि तिथून होमरकडे असा तो फिरलाय. आता यातलं उष्टं कुणाचं?

पण खरी कमाल पाहायची तर ‘रिअर विंडो’वर बेतलेला १९९४ चा भाग पाहावा. हिचकॉकच्या १९५४ च्या त्या चित्रपटात पाय मोडलेला छायाचित्रकार, म्हणजे जेम्स स्टुअर्ट, खिडकीत बसून समोरच्या घरांत डोकावत असतो आणि एका शेजाऱ्याने बायकोचा खून केलाय अशी त्याला शंका येते. कार्टूनमध्ये झाडावरच्या घरातून पडून बार्टचा पाय मोडतो. बाकीची मुलं पोहण्याच्या तलावात डुंबत असताना हा प्लास्टरमध्ये अडकून दुर्बिणीतून शेजार न्याहाळतो. देवभोळ्या नेड फ्लँडर्सच्या घरातून बाईची किंकाळी ऐकू येते, फ्लँडर्स अंगणात काहीतरी पुरताना दिसतो, त्याची बायको दिसेनाशी होते. झालं, खून!

इथे जरा थांबते, कारण माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. माणसाचा चेहरा दाखवा, मग तो काय पाहतोय ते दाखवा, मग पुन्हा तोच चेहरा. चेहऱ्यावर काहीही बदललेलं नसलं तरी प्रेक्षक त्यात भाव वाचतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या नावाने ही क्लृप्ती ओळखली जाते, आणि हिचकॉक ती समजावून सांगताना स्टुअर्टच्या हसऱ्या चेहऱ्याचंच उदाहरण देत: मधे कुत्र्याचं पिल्लू दाखवलं तर तो सज्जन म्हातारा वाटतो, अर्धवस्त्रातली मुलगी दाखवली तर तोच चेहरा चावट वाटतो. दोन तुकडे शेजारी ठेवले की मधली शिवण प्रेक्षक स्वतःच घालतो. कार्टूनमध्ये नेमक्या याच सवयीची टर उडवली आहे. किंकाळी ऐकू आली, पण ती कुणी मारली हे आपण पाहिलेलंच नाही. शेवटी कळतं की बायको गावाला गेली होती, फ्लँडर्सने तिच्या झाडाला जास्त पाणी घालून मारलं, आणि ती बायकी किंकाळी खुद्द त्याचीच होती! खुनाची सगळी जुळवाजुळव आपण केली, चित्रांनी फक्त तुकडे पुरवले. हे हिचकॉकचं उष्टं नाही, हे हिचकॉकवरचं व्याख्यान आहे, आणि मधेमधे हसायला येतं एवढाच फरक.

त्याच भागात दुर्बिणीतून बघताबघता बार्टला समोरच्या एका खिडकीत जेम्स स्टुअर्टसारखा दिसणारा माणूस व्हीलचेअरवर बसलेला दिसतो, आणि तो या पोराकडे पाहून घाबरतो व मूळ चित्रपटातल्या नायिकेला, ग्रेस केलीला, हाक मारतो. म्हणजे मूळ चित्रपटच विडंबनाकडे टक लावून बघतोय. क्षणभराचा विनोद, पण शॉट आणि उलट-शॉट, म्हणजे पाहणारा आणि तो जे पाहतोय ते आलटून पालटून दाखवणं, ज्याने मनापासून समजून घेतलेत त्यालाच सुचावा असा.

आता एक नाव सांगते, जे त्या लेखात नव्हतं आणि अशा लेखांत कधीच नसतं: जॉर्ज टोमासिनी. ‘रिअर विंडो’चे संकलक. ‘सायको’चे (१९६०) संकलक. ‘द बर्ड्स’चे (१९६३) संकलक. आणि हिचकॉकचा नसलेल्या, १९६२ च्या ‘केप फिअर’चेही संकलक. चारही चित्रपटांची ‘सिम्पसन्स’ने विडंबनं केली आहेत. १९६४ साली वारलेल्या एका माणसाचं चार-चार ठिकाणचं काम तीसेक वर्षांनी कार्टूनवाल्यांना खुणावतं, हा मला योगायोग वाटत नाही. विडंबन करता येतं ते ज्याची वीण घट्ट असते त्याचंच. सैल, पसरट चित्रपटाचं विडंबन करून दाखवा बरं! धरायला जागाच मिळत नाही.

‘सायको’तला न्हाणीघरातला खून घ्या. पाऊण मिनिटाच्या आसपासचा तो प्रसंग ७८ कॅमेरा-मांडण्या आणि ५२ कट यांसाठी प्रसिद्ध आहे. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे मोरीत वाहत जाणारं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं. १९९० च्या ‘सिम्पसन्स’च्या एका भागात बार्टची तान्ही बहीण मॅगी बापाच्या डोक्यात लाकडी हातोडा घालते, तो प्रसंग ‘सायको’च्या कटांवर बांधलाय, व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या आणि शेवटी लाल रंगाचा डबा सांडून रंग मोरीकडे वाहतो. लेखकाने याला बिनकामाचा संदर्भ म्हटलंय. मला वाटतं त्यांनी फक्त तो तुकडा पाहिला असावा. कारण अख्खा भागच पडद्यावरच्या हिंसेबद्दल आहे. मॅगी मारामारी शिकते ती टीव्हीवरच्या उंदीर-मांजराच्या रक्तबंबाळ कार्टूनमधून, आई चवताळून त्या कार्टूनविरुद्ध मोहीम उघडते, आणि पुढे गावात मायकेलअँजेलोचा नग्न डेव्हिड येतो तेव्हा तोही झाकावा असं म्हणणाऱ्या बाया तिला सोबतीला बोलवायला येतात. तिची पंचाईत होते. अशा भागात हिंसेचा पहिला प्रसंग कुठल्या चित्रपटासारखा काढायचा? ज्याची हिंसा आपण कला म्हणून आदराने पाहतो, त्याच्याचसारखा. संदर्भ अगदी जागच्या जागी बसलाय.

‘द बर्ड्स’ची गंमत आवाजात आहे. त्या चित्रपटाला नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही, पक्ष्यांचे आवाज आणि पंखांची फडफड हेच संगीत. १९९२ च्या एका भागात होमर मॅगीला पाळणाघरातून आणायला जातो. तिथे सगळ्या तान्ह्या मुलांनी जप्त केलेल्या चोखण्या परत मिळवल्यात. जिकडेतिकडे बाळं बसलेली, आणि ऐकू येतो तो फक्त चोखण्याचा चुकचुक आवाज. होमर पोरीला उचलून, पाऊल न वाजवता बाहेर पडतो. बाहेरून हिचकॉक दोन कुत्री घेऊन चालत जातो, जसा तो मूळ चित्रपटातही दिसतो. त्याआधी मॅगीने चोखण्या कशा सोडवल्या ते ‘द ग्रेट एस्केप’च्या (१९६३) चालीवर, एल्मर बर्नस्टीन यांच्या मूळ संगीतासह. मूळ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन कोठडीत भिंतीवर चेंडू टप्पे मारत बसतो, तशीच ही शिक्षा झालेली मॅगी. संगीताने गच्च भरलेला एक प्रसंग आणि मग अचानक संगीत बंद, फक्त चुकचुक. हा बदल ज्याने ठरवला त्याचे कान तयार आहेत.

लेखात ‘केप फिअर’चा उल्लेख फक्त स्कॉर्सेसींचा चित्रपट म्हणून आलाय, तेवढी दुरुस्ती करावी. मूळ चित्रपट जे. ली थॉम्पसन यांचा, १९६२ चा. रॉबर्ट मिचम आणि ग्रेगरी पेक. स्कॉर्सेसींनी तो १९९१ साली नव्याने केला, रॉबर्ट डी निरो आणि निक नोल्टी यांना घेऊन. त्यात मिचम आणि पेक या दोघांनाही छोट्या भूमिका दिल्या आणि बर्नार्ड हरमन यांचं १९६२ चं संगीतच पुन्हा वापरलं; हरमन तोवर हयात नव्हते, म्हणून ते बसवलं एल्मर बर्नस्टीन यांनी. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, ‘सिम्पसन्स’च्या एका भागात साइडशो बॉब नावाचा कैदी बार्टच्या जिवावर उठतो आणि तेच हरमन यांचे चार जड स्वर पुन्हा वाजतात. स्कॉर्सेसींनी वापरले तर ती मानवंदना, कार्टूनने वापरले तर ते उष्टं, हा कुठला न्याय? ब्रायन डी पाल्मा यांनी ‘द अनटचेबल्स’मध्ये (१९८७) आयझेन्स्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’मधल्या पायऱ्या आणि ती बाबागाडी जशीच्या तशी उचलली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या होत्या.

(हरमन यांचंही एक सांगायला हवं. ‘सिटिझन केन’ हे त्यांचं चित्रपटातलं पहिलं काम, ‘सायको’ त्यांचं, ‘केप फिअर’ त्यांचं. ‘सायको’त न्हाणीघरातल्या प्रसंगाला संगीतच नको असं हिचकॉकचं आधी मत होतं. हरमन यांनी तरीही लिहिलं, म्हणून आज कुणीही हवेत सुरी चालवताना तोंडाने तेच व्हायोलिन वाजवतो.)

त्याच साइडशो बॉबच्या भागात कुठल्याही चित्रपटातून न घेतलेला एक विनोद आहे, आणि अख्ख्या भागात तोच सर्वांत जास्त लक्षात राहतो. बॉब गाडीखाली लपून, निवडुंगाच्या रानातून खरचटत येतो, बाहेर पडतो आणि जमिनीवर पडलेल्या दाताळ्यावर पाय ठेवतो. दांडा उभा होऊन तोंडावर बसतो. तो कुरकुरतो, वळतो, पुन्हा दाताळं. पुन्हा. एकूण नऊ वेळा. कारण काय, तर भागाची लांबी कमी भरत होती! संकलनात वेळ भरून काढण्याचे प्रसंग आम्हालाही येत. आम्ही फार तर आकाशाचा एखादा शॉट लांबवत असू. यांनी एकच फटका तोच तोच वाजवला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हसू येतं, मग कंटाळा येतो, मग ‘अजून?’ असं वाटतं आणि तिथून पुढे हसू आवरत नाही. भीतीदायक चित्रपटात खलनायक एकही पाऊल चुकत नाही. इथे त्याला एकही पाऊल धड टाकता येत नाही. ‘केप फिअर’ न पाहताही हे कळतं, पाहिला असेल तर जास्त.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. ‘फॅमिली गाय’ या दुसऱ्या एका अमेरिकन कार्टून मालिकेने २००७ साली पहिल्या ‘स्टार वॉर्स’वर (१९७७) तासाभराचा भाग केला, मूळ निर्मात्या ल्युकासफिल्म कंपनीच्या संमतीने. शॉट शॉटासारखा काढलाय, मेहनत दिसते, पण बहुतेक ठिकाणी ती ट्रेसिंग पेपरवरची मेहनत. चौकट तीच, पात्रं आपली, तोंडी चार आचरट वाक्यं. चित्रपट कसा बनलाय यावर टिप्पणी जवळजवळ नाही. अपवाद एकच, आणि तो झकास: नायकाचं घर जळालेलं असतं आणि तिथे वाद्यवृंदासह ‘स्टार वॉर्स’चे संगीतकार जॉन विल्यम्सही मेलेले आढळतात, तेव्हा आता उरलेला चित्रपट डॅनी एल्फमनच्या संगीतावर काढावा लागणार, असं नायक म्हणतो. एल्फमन म्हणजे ‘सिम्पसन्स’च्या शीर्षकसंगीताचेच कर्ते. ‘फॅमिली गाय’मधले एरवीचे ‘आठवतंय ना तेव्हा’ छापाचे तुटक विनोद मला सोसत नाहीत. नुसतं नाव घेतलं की प्रेक्षकाने ओळखल्याच्या आनंदात हसायचं, एवढंच त्यात असतं. लेखकाचा राग यावर असता तर मी पत्र लिहिलंच नसतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. चोरी, चोरी असं लेखात बऱ्याचदा आलंय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९४ मध्ये, रॉय ऑर्बिसनच्या एका गाण्याच्या रॅप विडंबनावरच्या खटल्यात, विडंबन पैसे मिळवण्यासाठी केलं म्हणून ते आपोआप बेकायदा ठरत नाही असं सांगितलं. मूळ कृतीवर काही म्हणायचं असेल तर तिच्यातलं काही घ्यावंच लागतं, हे न्यायालयाने मान्य केलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘सिम्पसन्स’ने कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ या भयपटाची खिल्ली उडवली. त्यात बार्ट मूळ नाव उच्चारतो तेव्हा माळी विली त्याला गप्प करतो, खटला भरून घ्यायचाय का म्हणून. लिफ्टमधून रक्ताचा लोंढा येतो त्यावर त्या बंगल्याचा मालक म्हणतो, रक्त नेहमी दुसऱ्या मजल्यावर उतरतं. आणि होमर कुऱ्हाडीने दार फोडून मूळ चित्रपटातल्या जॅक निकल्सनसारखं डोकं आत घालतो, तर खोली रिकामी, चुकीचं दार. मूळ प्रसंगाची सगळी दहशत दाराच्या दोन्ही बाजू आलटून पालटून दाखवण्यात आहे. यांनी दुसरी बाजूच काढून घेतली.

आता दरारा गेल्याची तक्रार. ती मला ठाऊक आहे, कारण निवृत्तीनंतर मी काही काळ संकलन शिकवत होते. एकदा ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ लावला. काळोख, कुंपणावरची प्रवेशबंदीची पाटी, दूरवरची एक उजळलेली खिडकी, म्हाताऱ्याच्या हातातून निसटणारा काचेचा गोळा, आणि मागच्या रांगेतून खुसखुस. एका मुलाने १९९३ चा ‘सिम्पसन्स’चा भाग आधी पाहिला होता, ज्यात कोट्यधीश बर्न्स झोपेत असाच गोळा पाडतो आणि ‘बोबो’ पुटपुटतो. बोबो म्हणजे त्याचं लहानपणीचं कापसाचं अस्वल. मला राग आला, खोटं कशाला सांगू. वेल्सच्या त्या पहिल्या मिनिटांत पहिल्यांदा जो थंडपणा अंगावर येतो तो या मुलाला कधीच मिळणार नव्हता. पण चित्रपट संपल्यावर, फुटलेल्या काचेच्या तुकड्यातून नर्स आत येताना वाकडी दिसते त्याबद्दल वर्गात फक्त त्यानेच विचारलं. तो मनातल्या मनात दोन्ही पडताळून बघत होता. बाकीच्यांच्या नजरेतून नर्स निसटून गेली.

शिवाय ‘केन’चं गुपित, म्हणजे मरताना तो म्हातारा जो शब्द पुटपुटतो त्याचा अर्थ, काय कार्टूनने फोडलं? १९७३ सालीच चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रकथेत लूसीने ते लायनसला एका वाक्यात सांगून टाकलं होतं. गाजलेल्या चित्रपटांची गुपितं वर्तमानपत्रं, जाहिराती आणि आगाऊ मित्र मिळून फोडतात. अगदी परवाच्या लेखातही ‘सायको’चा शेवट दिलाय.

त्यातले काही कार्टूनवाले पुढे कुठे पोचले तेही पाहा. ‘सायको’चा हातोडा, चिल्लरची बरणी, ‘रिअर विंडो’ आणि ‘शायनिंग’ हे चारही भाग जिम रिअर्डन यांच्या दिग्दर्शनातले. ते पुढे ‘वॉल-ई’चे (२००८) सहलेखक झाले, ज्यातल्या जहाजाचा लाल डोळ्याचा स्वयंचालक कुब्रिकच्या ‘२००१’ या चित्रपटातल्या हॅल संगणकाचा उघड वंशज आहे. पाळणाघर आणि दाताळ्याचे भाग रिच मूर यांचे. त्यांनी पुढे ‘रेक-इट राल्फ’ केला. सुरुवातीच्या वर्षांत सल्लागार असलेले ब्रॅड बर्ड ‘द इन्क्रेडिबल्स’चे दिग्दर्शक. जुन्या चित्रपटांचे शॉट उलगडून पुन्हा बांधण्यात यांची उमेदवारी झाली.

शेवटी एक विनंती, लेखाशी थोडी फटकून. आपल्या पुरवणीतल्या चित्रपट परीक्षणांत दिग्दर्शक, कलाकार, संगीतकार, क्वचित वेशभूषाकार यांची नावं असतात. संकलकाचं नाव मला आठवतं तेव्हापासून एकदाही दिसलेलं नाही. टोमासिनी यांचं नाव आपल्या वाचकांनी या पत्रातच पहिल्यांदा वाचलं असेल तर त्यात वाचकांचा दोष नाही. परीक्षणाच्या शेवटी जिथे तारे छापता, तिथे एक ओळ सहज मावेल. वाटल्यास एक तारा कमी करा.

आपली,
एक निवृत्त संकलक